परदेशात इंग्रजी शिकवायचंय? आधी जन्म नीट घ्या

परवा एका एजंटाचा नकार आला. तीन मुलाखती झाल्या होत्या, दोन डेमो तास झाले होते, ‘प्रेझेंट परफेक्ट’ समजावताना कॅमेऱ्यासमोर माकडचाळेही करून झाले होते. ईमेलमध्ये एकच ओळ: ‘वुई आर रिग्रेट टू इन्फॉर्म, टीचर मस्ट नेटिव्ह.’ म्हणजे शिक्षक जन्मापासून इंग्रजी बोलणाराच हवा. एवढ्याशा ओळीत निदान दोन चुका, आणि इंग्रजी कच्चं कुणाचं? माझं! सवयीने माझा हात लाल पेनाकडे गेला.

असो. एवढी ठेच लागली आहे तर तुम्हाला शहाणं करून सोडते. सल्ला फुकट आहे. पुढे प्रत्येक पायरीवर पैसे मोजायचेच आहेत.

सगळ्यात आधी, जन्म योग्य ठिकाणी घ्या. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला लागणारा ई-टू व्हिसा साधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या पासपोर्टवाल्यांसाठीच असतो. तुम्ही झोपेतही इंग्रजी बडबडत असाल, पण कोरियाला त्याच्याशी काय करायचंय? जपान त्या मानाने दिलदार. तिथल्या ‘इन्स्ट्रक्टर’ व्हिसासाठी बारा वर्षं इंग्रजीतून शिकल्याचा पुरावा दिला की कागदोपत्री तरी दार उघडतं. कागदोपत्री.

फोटो आधी पाठवा. सीव्ही मागाहून पाठवलात तरी चालेल. नाही पाठवलात तरी चालेल.

120 तासांचं टेफल, म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं, सर्टिफिकेट घ्या, तेही ऑनलाइन. सेल्टासारख्या कोर्सच्या नादी लागू नका. तिथे सहा तास खऱ्याखुऱ्या माणसांना शिकवावं लागतं आणि मागच्या बाकावर बसलेला ट्रेनर वहीत काय खरडतोय या चिंतेने घसा कोरडा पडतो. त्यापेक्षा घरबसल्या ‘नेक्स्ट’ दाबत राहा. एकाही विद्यार्थ्याचं तोंड न बघता शिक्षक होता येतं, ही केवढी सोय!

कागदपत्रांची मजा मात्र चुकवू नका. परदेशी कागदांवरची शिक्क्यांची माळ कमी व्हावी म्हणून 1961 साली हेगमध्ये अपोस्टिलचा, म्हणजे एकाच शिक्क्यावर भागवण्याचा, करार झाला. चीनमध्ये तो लागू व्हायला 7 नोव्हेंबर 2023 उजाडला. त्याआधी वकिलातीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आता सगळं सोपं आहे. पदवीवर शिक्का बसेपर्यंत पोलिसांचा दाखला शिळा होतो, नवा दाखला येईपर्यंत जागा भरलेली असते.

‘टुरिस्ट व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देऊ’ असं कुणी म्हणालं की लगेच बॅग भरा.

आणि हो, उच्चार ‘न्यूट्रल’ करा. म्हणजे कुठले, ते विचारू नका. ग्लासगोच्या माणसाचे? टेक्सासच्या? जोहान्सबर्गच्या? तिघांना एका खोलीत बसवलं तर एकमेकांना ‘सॉरी?’ ‘सॉरी?’ करत बसतील, पण ते तिघेही न्यूट्रल आणि आपल्या तोंडाला मात्र ‘ॲक्सेंट’! ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ चूक का, हे व्याकरण न शिकलेल्या नेटिव्हाला विचारून बघा. ‘कानाला खटकतं’ म्हणेल. अरे, कानाला खटकतं हे काय फळ्यावर लिहून देऊ मुलांना? ते का चूक, हे ती चूक स्वतः करून, बोलणी खाऊन सुधारलेल्या माणसाला कळतं. मूल कुठे अडखळणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, कारण तो तिथेच आपटलेला असतो. जगात इंग्रजी बोलणाऱ्यांत ती शिकून बोलणारेच जास्त आहेत, तरी आदर्श शिक्षक कोण, तर जन्माने इंग्रजी लाभलेला. 1961 सालीच युगांडातल्या मेकेरेरेला इंग्रजी शिकवण्यावर झालेल्या परिषदेत हे तत्त्व म्हणून मांडलं गेलं. भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 मध्ये त्याला सरळ भ्रम म्हटलं. टीसॉल या इंग्रजी शिक्षकांच्याच संघटनेने 2006 मध्ये या भेदभावाविरुद्ध निवेदन काढलं. आणि एवढं सगळं होऊन माझ्या इनबॉक्समध्ये काय? मस्ट नेटिव्ह!

एक गोष्ट लपवत होते, ती सांगूनच टाकते. दुसऱ्या मुलाखतीत एजंट गोड हसून म्हणाला, ‘पालकांनी विचारलं तर कॅनडाची आहे म्हणून सांगाल ना?’ मी तिथल्या तिथे फोन आपटायला हवा होता. नाही आपटला. ‘विचार करून सांगते’ म्हणाले आणि खरंच दोन दिवस विचार केला. टोरांटोची हवा कशी असते तेसुद्धा बघून ठेवलं.

आता सल्लाबिल्ला पुरे. शाळावाल्यांनो, तुम्हाला नेटिव्ह नको आहे, गोरा चेहरा हवा आहे. तसं जाहिरातीत लिहा की धडधडीत! लाज वाटते ना लिहायला? मग वागायला कशी वाटत नाही? ज्याने कधी वर्ग सांभाळलेला नाही त्याला पासपोर्ट बघून फळ्यासमोर उभा करता आणि दहा-दहा वर्षं शिकवलेल्या बाईकडून दोन डेमो तास फुकट उकळता. त्या तासांचं रेकॉर्डिंग तुमच्या नव्या नेटिव्हाला ट्रेनिंग म्हणून दाखवणार असाल, तर निदान पैसे तरी टाका.

आणि तुम्ही, अर्ज करणारे! एजंटाला नोंदणीचे पैसे देऊ नका. पासपोर्ट ‘सांभाळायला’ कुणाच्याही हातात देऊ नका. वर्क व्हिसाचा कागद हातात पडल्याशिवाय विमानात चढू नका. वरचा टुरिस्ट व्हिसाचा सल्ला वाचून कुणी खरंच बॅग भरायला घेतली असेल तर आधी खाली ठेवा ती. आणि कॅनडा सांगाल का असं कुणी विचारलं, तर दोन दिवस घेऊ नका.