खुलासा : ‘एंजल’चा शेवट अर्धवट राहिलेला नाही

‘एंजल’ ही एंजल नावाच्या रक्तपिपासूची (व्हॅम्पायरची) अमेरिकी मालिका प्रेक्षक नसल्यामुळे मध्येच गुंडाळली, म्हणून शेवट अर्धवट राहिला, असं पुन्हा फिरतंय. दोन्ही गोष्टी चूक.

‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या मालिकेतून निघालेली ही मालिका अमेरिकेतल्या डब्ल्यूबी वाहिनीवर ५ ऑक्टोबर १९९९ला सुरू झाली आणि १९ मे २००४ला संपली. पाच पर्वं, ११० भाग. शेवटच्या पर्वात ‘बफी’मधला स्पाइक हा रक्तपिपासू आला आणि प्रेक्षक उलट वाढले होते. वाहिनीने फेब्रुवारी २००४मध्येच बंदची घोषणा केली, म्हणजे लेखकांना शेवट बेतायला वेळ मिळाला.

आता तो शेवट. पावसातली गल्ली, समोर राक्षसांची फौज, वर ड्रॅगन, एंजलचा जखमी साथीदार गन कसाबसा उभा, आणि एंजल तलवार उचलतो. तिथेच पडदा. लढाईचा निकाल दाखवलेला नाही, हे खरं. पण शापाने आत्मा परत मिळालेला, जुन्या पापांच्या ओझ्याखाली घुसमटणारा हा रक्तपिपासू पाच वर्षं हेच तर करत होता : जिंकण्याची खात्री नसताना लढणं. मला तरी याहून चपखल शेवट सुचत नाही. निकालच हवा असेल तर २००७पासून निघालेली कॉमिक्स आहेत.