कुमसार झाला, झरीचं काय?

"पाद्रीकडे कुमसार केला की किरिस्तांव मोकळा," हे गोव्यात, डिचोलीत लहानपणापासून ऐकलंय. (कुमसार म्हणजे पापांची कबुली, किरिस्तांव म्हणजे ख्रिश्चन.) परवा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर ते पुन्हा आलं. वाद होता डोंगर कापण्याचा: भाट (बागायती जमीन) कुणी विकलं, बांधकामासाठी जमिनीचं रूपांतर कुणी करून घेतलं आणि रविवारी चर्चमध्ये मिसाला (प्रार्थनाविधीला) पुढच्या बाकावर कोण बसतं. (आमच्यातले विकणारे अभिषेकाला पुढे असतात, ते कुणी लिहिलं नाही.)

इथे इंग्लंडात, स्विंडनमध्ये माझा शेजारी गोव्यातल्याच सासष्टीचा, कॅथलिक. त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "चोरी सांगली जाल्यार पाद्री विचारता, परत दिलें?" कॅथलिक शिकवण तशीच आहे. क्षमा मिळाली तरी चोरलेलं परत करणं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव साफ करणं उरतंच. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत करीन म्हणतो. येशू तर सांगतो, भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर.

मला अडतं ते बायबलातल्या 51व्या स्तोत्राशी. दावीद राजाने आपल्याच सैनिकाची, उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवलं. आणि देवाला म्हणतो, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं. मग उरीया कुठे गेला? शेजाऱ्याचं म्हणणं, उरीयाही देवाचाच, आणि राजाला जाब विचारणारा दुसरा होता कोण? मला हे अर्धंच पटलं. त्यापेक्षा येशूच्या दाखल्यातला घर सोडून गेलेला उधळ्या मुलगा बरा. तो परत येऊन स्वर्ग आणि बाप, दोघांविरुद्धचं पाप एका दमात कबूल करतो.

मिसातल्या कबुलीत विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट असते: जे करायला हवं होतं ते केलं नाही. परदेशात राहणाऱ्याला हीच जास्त लागू. गावात पाप करायचं तर उद्या बाजारात तोच माणूस समोर येतो. इथून नुसती सही जाते.

आमच्या उतारावरच्या भाटासाठी मुखत्यारपत्र मी इथूनच पाठवलं. घेणारा कोण, तिथे काय होणार, विचारलं नाही. आता खालच्या वाड्यावरची झर शिमग्याआधीच आटते, टँकर येतो. गटावर सगळे घेणाऱ्याला शिव्या देतायत. त्या कागदावर माझीही सही आहे, हे मी अजून लिहिलेलं नाही.