साइड अ‍ॅक्टर म्हणे!

आज दुपारी भाचा 'इन्सेप्शन' बघत होता. मरणाला टेकलेला तो म्हातारा उद्योगपती पडद्यावर आला आणि भाच्याचा मित्र म्हणाला, "हा कुणीतरी साइड अ‍ॅक्टर आहे, पुढे घे." पुढे घे! तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

त्या इंग्रज नटाचं नाव पीट पोस्टलथ्वेट. मान्य, त्या सिनेमात त्याला काम जेमतेम आहे. म्हणून साइड?

आमच्या आण्णांनी त्याला एकदाच पाहिलं. १९९६ च्या 'ब्रास्ड ऑफ'ची सीडी मी आणली होती. यॉर्कशायरमधली कोळशाची खाण बंद पडायला आलीय आणि तिथल्या कामगारांचा बँड आहे, त्याची गोष्ट. आण्णांना इंग्रजीचा गंध नव्हता. त्यांची हयात साच्यावर गेली, १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, चाळीतलं भजनी मंडळ पांगलं आणि पखवाज माळ्यावर गेला. बँडमास्टर झालेला पीट खोकायला लागला तसे आण्णा खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "हा खाणीत राबलेला माणूस आहे. नटाला असा खोकला येत नाही."

तो खाणीत कधीच नव्हता. वॉरिंग्टनच्या कामगार घरातला मुलगा. आधी पाद्री व्हायचं मनात होतं, मग नाटक शिकवणारा मास्तर झाला, मग ब्रिस्टल ओल्ड विक या नाट्यशाळेत शिकला आणि सत्तरच्या दशकात लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात घासून निघाला. असा खोकला तिथून येतो, बाबांनो! १९९३ च्या 'इन द नेम ऑफ द फादर'मध्ये न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात खितपत पडलेला बाप त्याने केला, ऑस्करचं नामांकन मिळालं. स्पीलबर्गसारखा दिग्दर्शक त्याला जगातला सर्वोत्तम नट म्हणाला. आणि हे आम्ही पुढे घ्यायचं?

हो, डायनोसॉरच्या सिनेमातही होता, पोटासाठी केलं असेल. पण शेक्सपिअरचा 'किंग लियर' करायला २००८ मध्ये तो परत त्याच एव्हरीमनच्या रंगमंचावर गेला. पुढच्या वर्षी किंग्जनॉर्थला कोळशावरचं नवं वीजकेंद्र उभारलंत तर तुमचा ओबीई किताब परत करीन, असं ब्रिटिश सरकारला त्याने ठणकावलं. खाणकामगार रंगवणारा माणूस कोळशाच्या विरोधात कसा, असं कुणी विचारेल. विचारू दे.

राग थोडा उतरलाय आता. डोळ्यांसमोर सारखा येतोय 'ब्रास्ड ऑफ'मधला तो लंडनच्या अल्बर्ट हॉलचा प्रसंग. दवाखान्यातून उठून आलेला तो बँडमास्टर, छाती कोळशाने भरलेली, जिंकलेला करंडक नाकारून बोलतोय: संगीतच सगळ्यात मोठं असं वाटायचं, पण माणसांपुढे ते काहीच नाही. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर आण्णांनी हातानेच गप्प केलं. त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्टूल घेऊन माळ्यावरून पखवाज काढला, फडक्याने पुसला, कणीक मळून डाव्या अंगाला लावली.

२ जानेवारी २०११ ला पीट गेला, चौसष्टाव्या वर्षी, कॅन्सरने. बातमी मी आण्णांना वाचून दाखवली. नाव त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. फोटो बघितला आणि म्हणाले, "अरे, हे तर आपले बँडवाले मास्तर."