रेवुएल्तास अशिक्षित अवलिया नव्हते, आणि ती ‘सिंफनी’ त्यांनी रचलेली नाही

मेक्सिकोचे संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक सिल्वेस्त्रे रेवुएल्तास (1899–1940) यांच्याबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा गाभा असा: संगीताचं शिक्षण नसलेला हा माणूस दारूच्या नशेत लोकगीतं वाद्यवृंदासाठी उतरवून काढायचा, त्यांची ‘सेन्सेमाया’ ही रचना म्हणजे मेक्सिको आणि आसपासच्या मूळच्या माया लोकांचा नागविधी, आणि त्यांची सर्वोत्तम कृती ‘ला नोचे दे लोस मायास’ (‘मायांची रात्र’) ही चार भागांची सिंफनी, जिच्या शेवटी अस्सल माया ढोलवादन आहे. यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे.

शिक्षणापासून सुरुवात करू. दुरांगो प्रांतातल्या सांतियागो पापास्किआरो गावी जन्मलेले रेवुएल्तास लहानपणीच व्हायोलिन शिकू लागले. पुढे मेक्सिको शहरात होसे रोकाब्रुना यांच्याकडे व्हायोलिन आणि राफाएल तेयो यांच्याकडे रचना, मग टेक्सासमधल्या ऑस्टिनला, आणि तिथून शिकागो म्युझिकल कॉलेजात. टेक्सासमधलं सॅन अँटोनियो आणि अलाबामातलं मोबाईल या शहरांतल्या थिएटरांच्या वाद्यवृंदांत त्यांनी काम केलं. 1929 मध्ये संगीतकार-संचालक कार्लोस चावेस यांनी त्यांना मेक्सिकोच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचे सहायक संचालक म्हणून बोलावलं. 1935 पर्यंत ते तिथे होते. रोज वाद्यवृंदासमोर उभं राहणाऱ्या माणसाला कुठलं वाद्य कुठल्या पट्टीत कसं वाजतं हे नेमकं ठाऊक असतं, आणि त्यांच्या स्वरलिपीत ते दिसतं.

दारूचं व्यसन खरं होतं, आणि त्याने त्यांचं आयुष्य पोखरलं. पण चार स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना), वाद्यवृंदासाठीच्या बहुतेक रचना आणि चित्रपटांचं संगीत हे सगळं साधारण 1930 ते 1940 या दहा वर्षांतलं आहे. नशेत खरडलेल्या कागदांवर ते उभं राहत नाही.

‘लोकगीतं उतरवली’ हा आरोप सर्वांत अन्यायकारक. बाजारातला गोंगाट, मारियाची या मेक्सिकन लोकवाद्यमेळाची ट्रंपेट, गावच्या बँडचा किंचित बेसूर बाज हे सारं त्यांच्या संगीतात आहे, पण चाली बहुतेक सगळ्या त्यांच्या स्वतःच्या. स्पॅनिश कवी लोर्का यांना आदरांजली म्हणून लिहिलेलं 1936 चं ‘ओमेनाखे अ फेदेरिको गार्सिया लोर्का’ बघा: पिकोलो, लहान क्लॅरिनेट, दोन ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ट्युबा, पियानो, तालवाद्यं, व्हायोलिन आणि डबल बास. व्हायोला नाही, चेलो नाही. मधला थर मुद्दाम रिकामा ठेवलाय, म्हणून आवाज वर कर्कश आणि खाली जड राहतो. हे छोट्या गटासाठी लिहिलंय. मोठ्या वाद्यवृंदाने व्हायोलिनची संख्या वाढवली की कडा बोथट होतात आणि मधल्या ‘दुएलो’ या शोकभागातला एकाकीपणा जातो.

‘सेन्सेमाया’चा माया संस्कृतीशी संबंधच नाही. ती क्युबाचे कवी निकोलास गियेन यांच्या, सापाला मारण्याच्या मंत्राच्या कवितेवर बेतलेली आहे. तिची मुळं क्युबातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या विधीत आहेत. 1937 मध्ये ती छोट्या वाद्यमेळासाठी लिहिली गेली. 1938 मध्ये 27 सुषिर (फुंकून वाजवायची) वाद्यं, 14 तालवाद्यं आणि तंतुवाद्यं असा विस्तार झाला आणि त्याचा पहिला प्रयोग रेवुएल्तास यांनी स्वतः संचालित केला.

ताल 7/8 चा, म्हणजे सात मात्रांचा, विभाग 2-2-3. आपल्या रूपक तालात 3-2-2 असतं, इथे लांब खंड शेवटी येतो. संचालकाने दोन आखूड आणि एक लांब असे तीन ठोके द्यायचे. नेहमीची चूक म्हणजे शेवटचे तीन ओढून चार करणं: सात मात्रांच्या आठ होतात, सरळ चालीचा ठेका बसतो आणि सरपटणारी धास्ती संपते. दुसरी चूक सुरुवातीलाच जोर लावण्याची. बासूनची फिरती आकृती आणि ट्युबाची पहिली चाल दबलेलीच हवी, कारण शेवटी सगळ्या चाली एकमेकींवर रचल्या जातात. आधीच सगळं जोरात गेलं तर तिथे वाढायला जागा उरत नाही.

आता ‘ला नोचे दे लोस मायास’. रेवुएल्तास यांनी सिंफनी लिहिलीच नाही. त्यांनी 1939 मध्ये चानो उरुएता यांच्या चित्रपटासाठी पार्श्वसंगीत लिहिलं: प्रसंगाच्या लांबीप्रमाणे तुटक तुकडे. चार भागांचा सुइट (सुट्या भागांची मालिका) संचालक होसे इव्ह लिमांतूर यांनी 1960 च्या सुमारास, म्हणजे रेवुएल्तास यांच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी, जुळवला. भागांचा क्रम आणि त्यांना सिंफनीसारखा दिलेला घाट लिमांतूर यांचा. शेवटच्या भागातली ती गाजलेली तालवाद्यांची कडेन्झाही (एकट्या तालवाद्यांना मोकळं सोडणारा तुकडा) त्यांचीच भर. शंख, ग्वीरो (घासून वाजवायचा खाचांचा भोपळा), बोंगो (जोडढोल), उएउएत्ल (उभा लाकडी ढोल) असा तो ताफा ऐकायला रोमांचक आहे, पण त्याला माया परंपरा म्हणणं चूक. बोंगो क्युबाचे, उएउएत्ल मध्य मेक्सिकोचा. खरी माया चाल एकच येते, तिसऱ्या भागात बासरीवर: ‘कोनेश कोनेश’.

याच चित्रपट-संगीताचा एक वेगळा, दोन भागांचा सुइट जर्मन संगीतकार पॉल हिंडेमिथ यांनीही केला होता. शेजारी ठेवून ऐकला की लिमांतूर यांचा हात कुठे आहे ते लगेच उमगतं. ‘रेदेस’ चित्रपटाच्या संगीताचा जो सुइट वाजवतात तोही संचालक एरिख क्लायबर यांनी जुळवलेला. कार्यक्रमपत्रिकेत म्हणून रेवुएल्तास आणि जुळवणारा अशी दोन्ही नावं छापायला हवीत. आणि ज्याला निव्वळ रेवुएल्तास ऐकायचे आहेत त्याने ‘सेन्सेमाया’, लोर्कावरचं ‘ओमेनाखे’ किंवा आठ वादकांसाठीचं ‘ओचो पोर रादियो’ घ्यावं. तिथे दुसऱ्या कुणाची जुळवाजुळव मध्ये येत नाही.