'डोरियनचा उगाच घोळ' या प्रतिक्रियेला उत्तर

गिटारवर डोरियन (मायनरसारखीच एक स्केल, म्हणजे स्वरांची ठरलेली मालिका) कसा शिकावा यावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली होती, पण लगेच लिहिलं असतं तर जास्तच तिखट झालं असतं म्हणून थांबलो. तुम्ही लिहिलंय, "डोरियन म्हणजे सी मेजर डीपासून वाजवायचा, विषय संपला. नवशिक्यांच्या डोक्यात उगाच घोळ घालण्यापेक्षा आधी स्वतः थिअरी शिका." आता यातलं शेवटचं वाक्य लिहायची खरंच गरज होती का? मुद्दा मांडा ना, मी उत्तर देतो, नेहमीच देतो. पण ज्याला कधी वाजवताना ऐकलं नाही त्याला थेट 'आधी शिका' म्हणायचं ही कुठली पद्धत?

फ्रेटबोर्डची (गिटारच्या दांड्यावरच्या पट्ट्यांची) आकृती मोबाईलवर बारीक दिसते हे तुमचं बरोबर आहे, मोठी करून टाकतो. आणि डी डोरियन आणि सी मेजरचे स्वर तेच असतात हेही खरंय, ते मी कधी नाकारलंच नव्हतं.

पण विषय संपला कुठे? मला ज्यांनी सुरुवातीला शिकवलं त्यांनी अगदी तुमच्यासारखंच सांगितलं होतं, सी मेजरचा शेप (बोटांची ठरलेली मांडणी) चालवत राहा, फक्त डीवर थांब. बोटं छान पळायची, पण मागे कॉर्ड्स सी, एफ, जी याच चालू, त्यामुळे कान सारखा सीकडे जायचा आणि डी हा 'सा' वाटायचाच नाही. कितीतरी वर्षं मी डोरियन समजून सी मेजरच वाजवत होतो, म्हणून हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाही.

म्हणून मी सगळं एकाच 'सा'वरून बांधायला सांगतो. ए नॅचरल मायनर घ्या, ए बी सी डी ई एफ जी, त्यातल्या एफचा एफ शार्प करा, म्हणजे अर्धा स्वर वर न्या, झाला ए डोरियन. म्हणजे ग आणि नि कोमलच, फक्त धैवत शुद्ध, काफी थाटाचे स्वर. आता पाचवी तार मोकळी वाजत ठेवा आणि चौथ्या तारेवर आधी तिसरा फ्रेट वाजवा, मग चौथा. पहिला एफ, तो जड लागतो, दुसरा एफ शार्प, आणि स्केल मायनर असूनही एकदम मोकळं होतं. मग मागे ए मायनर आणि डी मेजर एवढ्या दोनच कॉर्ड्स ठेवून वाजवा, कारण डी मेजरच्या पोटातच तो एफ शार्प आहे. तिथे डी मायनर लावलीत की एफ परत आला आणि तुम्ही नॅचरल मायनरमध्ये. अहो, हा फरक ऐकू येणं हेच तर शिकायचंय, नुसता शेप सरकवून ते कसं येणार?

तुमची पद्धत स्वर पटकन शोधायला ठीक आहे, जी डोरियन हवा तर एफ मेजरचे स्वर घ्या वगैरे. तेवढ्यापुरती मीही वापरतो.

मेट्रोनोम आणि पिकिंगबद्दल जे लिहिलंत त्याचा इथे संबंध नाही, सोडून देतो. "सगळे मोठे गिटारवादक असंच शिकले" यावर काय बोलणार, कोण ते तुम्ही सांगितलंच नाहीत. वरचं ए मायनर–डी मेजर एकदा शांतपणे वाजवून बघा, तरीही पटलं नाही तर जरूर लिहा, फक्त या सुरात नको.