लिंबूटिंबूंनी जायचं कुठे?

माझ्या 14 वर्षांच्या भाचीने बॅडमिंटन सोडलं. घरात सगळ्यांचं निदान तयारच होतं: मोबाईल. खरं सांगतो, मीही तेच म्हणालो होतो. मग एकदा चालता चालता तिला सहज विचारलं. म्हणाली, "मामा, तिथे खेळायला कुणी येतच नाही. सगळे सिलेक्शनसाठी येतात." तिच्या सरांनी तिला स्पष्टच सांगितलं होतं, स्पर्धेत उतरायचं नसेल तर बॅचमधली जागा अडवू नकोस.

लहानपणी आपल्याकडे एक शब्द होता, लिंबूटिंबू. ज्याला नीट खेळता येत नाही तोही डावात असायचा. तो आउट झाला तरी चालायचं, पण त्याला घरी कुणी पाठवत नसे. आता बहुतेक ठिकाणी लिंबूटिंबूला आधी फॉर्म भरावा लागतो आणि मग निवड चाचणीत तो बाद होतो.

मोबाईल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी 2019 मध्ये 146 देशांतल्या 11 ते 17 वयाच्या शाळकरी मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो बघा. 2016 मध्ये 81 टक्के मुलांना रोज तासभराची हालचाल मिळत नव्हती. मुलगे 78 टक्के, मुली 85. आता 2001 चा आकडा: मुलगे 80, मुली 85. म्हणजे पहिला आयफोन यायच्या सहा वर्षं आधीही चित्र जवळपास हेच होतं! मग तेव्हा कुणाला दोष द्यायचा? व्हिडिओ गेमला? त्याआधी टीव्हीला दिलाच होता म्हणा.

मुलींच्या त्या 85 टक्क्यांपाशी मी जरा जास्त अडकलो. पंधरा वर्षांत आकडा जागचा हलला नाही. मैदानाचा मधला भाग मोठ्या मुलांचा, कडेचा बघ्यांचा. कपडे बदलायला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृह नाही, अंधार पडला की "घरी ये". आणि मग आपणच म्हणतो, मुलींना खेळाची आवड नसते.

व्हिएन्नात 1990 च्या दशकात लक्षात आलं की साधारण नऊ वर्षांच्या पुढच्या मुली बागांमधून दिसेनाशा होतात. तिथल्या लोकांनी मुलींना व्याख्यानं दिली नाहीत, बागा बदलल्या. 1999 पासून दोन बागांमध्ये वाटा नीट केल्या, एकाच मोठ्या मोकळ्या जागेचे छोटे छोटे भाग पाडले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परत आल्या. एका टोळक्याला सगळी जागा व्यापता येत नव्हती, बस.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. लंडनच्या एका पार्कात 2004 मध्ये 13 धावणाऱ्यांपासून दर आठवड्याला पाच किलोमीटर धावायचा उपक्रम सुरू झाला, आज तो पार्करन म्हणून कितीतरी देशांत चालतो. फी नाही. आणि सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक मुद्दाम चालत राहतो, म्हणजे शेवटचा नंबर कायम त्याचाच. बाकी कुणीही शेवटचं येत नाही. लिंबूटिंबूची इतकी सभ्य सोय मी दुसरीकडे पाहिली नाही.

स्पर्धा नको असं नाही. ज्यांना पदक हवं त्यांनी जरूर घाम गाळावा. पण शंभरातल्या पाचांसाठी सगळं मैदान, सगळे प्रशिक्षक आणि संध्याकाळची सगळी वेळ राखून ठेवायची, आणि उरलेल्या पंच्याण्णवांना "व्यायाम कर, वजन वाढतंय" म्हणायचं, हे काही पटत नाही. चौदाव्या वर्षी कुणीही वजनासाठी सायकल चालवत नाही. मैत्रीण येते म्हणून चालवतं. बालहक्कांच्या 1989 च्या करारात कलम 31 मध्ये विश्रांती, फावला वेळ आणि खेळ हा मुलांचा हक्क म्हटलाय. त्यात पदकाचा उल्लेख नाही, वजनाचाही नाही.

भाची आता दोन मैत्रिणींना घेऊन मोकळ्या जागेत खेळते. जाळी नाही, गुण नाहीत, फक्त शटल खाली न पडता किती वेळा जातं ते मोजायचं. चौथा भिडू कमी पडतो म्हणून रविवारी मला बोलावतात. परवा 23 पर्यंत पोचलो होतो, पुढचं मी घालवलं. त्यावर तिघींची चर्चा झाली आणि मला लिंबूटिंबू ठरवण्यात आलं. पुढच्या रविवारीही बोलावलंय.