‘दलदलीला वर्गणी कशाला?’ या संदेशाला उत्तर

नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्समधील सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. येथील पाणथळ जागा पुन्हा जिवंत करण्यासाठी वर्गणी मागणाऱ्यांना एक पैसाही देऊ नका, असे त्यात बजावले आहे. ती मानवनिर्मित डबकी आहेत, त्यांत डास होतात, पक्षी विमानांना घातक ठरतात आणि त्यापेक्षा भराव टाकून झाडे लावलेली बरी, ही त्याची कारणे.

‘मानवनिर्मित’ हा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, त्याआधी हा पट्टा आगरी-कोळ्यांच्या खारभूमीचा, खाजणांचा (भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या सखल जमिनींचा) आणि मिठागरांचा होता. खाडीच्या कडेने बांध घालायचा, बांधात उघाडी, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याचे दार, ठेवायची, ओहोटीला शेतातले पाणी सोडायचे आणि भरतीला खारे पाणी थोपवायचे, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता. माणसाचा हात येथे होताच. पण त्या हाताला भरतीची वेळ पाठ होती. खाडीशी असलेला हा व्यवहार मोडला तो नंतरच्या भरावांनी आणि रस्त्यांनी. निवट्या, चिंबोऱ्या आणि बोय यांवर ज्या जागेने घरे चालवली, तिला डबके म्हणणाऱ्याने गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला तरी विचारायला हवे होते.

डासांचे उत्तर थोडक्यात देता येते. डेंगीचा एडिस आणि शहरी मलेरियाचा अॅनॉफिलिस स्टीफन्सी हे गच्चीवरच्या टाक्यांत, कुंड्यांखालच्या बश्यांत, बांधकामावर साठलेल्या पाण्यात वाढतात. खाऱ्या पाण्यातही काही जातींचे डास होतात, हे मान्य. पण ते वाढतात ते पाणी कोंडल्यावर. भरतीबरोबर मासे आत आले की ते अळ्या खातात.

कोंडलेले पाणी म्हणजे काय, हे मी स्वतः पाहिले आहे. रस्त्याखालून तळ्यात जाणाऱ्या नळाच्या तोंडाशी थर्मोकोल, निर्माल्याच्या पिशव्या आणि गुडघाभर गाळ साचला होता. पलीकडे भरती काठाला लागलेली, तर अलीकडे चिखलाला भेगा पडलेल्या. २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस शाळेजवळील तलावाला पाणी मिळण्याचे मार्ग बुजले, तळे आटले आणि तेथे रोहित (फ्लेमिंगो) पक्षी मेले. वर्गणीचा मोठा वाटा जातो तो हे मार्ग मोकळे करण्यात आणि मोकळे ठेवण्यात. त्यात फोटो काढण्यासारखे काही नसते, म्हणून देणगीदारही मिळत नाहीत.

विमानांचा मुद्दा गंभीर आहे, पण संदेशाने तो उलटा मांडला आहे. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला आणि भोवतालच्या बफर पट्ट्यासह ते क्षेत्र ६,५२१ हेक्टर आहे. पक्षी तेथील चिखलपट्ट्यांवर खातात. भरतीने त्या बुडाल्या की टेकायला जवळच्या उथळ तळ्यांवर येतात. ही तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. ती बुजवली म्हणून भरती थांबणार नाही, आणि उडालेले थवे जवळच दुसरी मोकळी जागा शोधतील. विमानतळाचे सपाट मैदानही त्यांना दिसेलच.

राहता राहिली झाडे. भरावावर लावलेला गुलमोहर सोडाच, ठाणे खाडीत गाळ साचून पसरत चाललेल्या तिवरांनीही (खारफुटीनेही) पक्ष्यांच्या चिखलपट्ट्या आक्रसल्या आहेत. हिरवे दिसले की पर्यावरण सुधारले, हे गणित येथे चुकते.

संदेशातली एक ओळ मात्र मला पटते: ‘हिशेब मागा.’ जरूर मागावा. जमीन ज्या प्राधिकरणाच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी आहे का, आणि गाळ काढून टाकला कुठे, हेही विचारावे. पाचशे रुपयांची पावती घेताना मी हे दोन्ही विचारले. परवानगीची प्रत दाखवण्यात आली; गाळाचे पाहायचे असेल, तर अमावास्येच्या उधाणाला या, जागाही दाखवू आणि पाणी कुठवर चढते तेही दाखवू, असे सांगण्यात आले.